पोट दुखतंय? आधी रात्रीचं सांगा

सकाळी सहाच्या आसपास वॉर्डातले दिवे लागतात आणि रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून दोन प्रश्न विचारते. झोप लागली का? पोट साफ झालं का? उत्तरं रिपोर्ट बुकात उतरतात आणि सातच्या हँडओव्हरला पुढच्या पाळीला वाचून दाखवली जातात. माझं निम्मं आयुष्य हे दोन प्रश्न विचारण्यात गेलं. पण एकाचं उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहायची पद्धत काही आमच्यात नाही. झोपेची तक्रार असली की झोपेची गोळी लिहून येते, पोटाची असली की पोटाची.

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, या दुखण्यात ही दोन उत्तरं वेगळी ठेवून भागत नाही. गेल्या तीसेक वर्षांतल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे: या रुग्णांची रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं. मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, फिरत्या पाळ्या करते, आणि मला स्वतःलाही आयबीएस आहे. त्यामुळे हे दुखणं मला खाटेच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

गॅस्ट्रोच्या ओपीडीत ड्युटी लागते तेव्हा हे रुग्ण लांबूनच ओळखू येतात. हातात जाडजूड फाइल असते. तिच्यात सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, रक्त, शौच, सगळ्या तपासण्या असतात आणि सगळ्या नॉर्मल असतात. गावाकडे कुणीतरी 'जुना अमीबा आहे' म्हणून गोळ्यांचे कोर्स दिलेले असतात. रात्रीचा वॉचमन म्हणून काम करणारा एक तरुण एकदा फाइल माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "सिस्टर, सगळं नॉर्मल आहे, तर मग दुखतं ते काय मी नाटक करतोय?" घरी त्याला तेच ऐकून घ्यावं लागत असणार.

नाटक नसतं ते. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते, तपासणीत दिसेल अशी सूज नसते. बिघडलेली असते ती आतडं आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण. २०१६ साली जाहीर झालेल्या 'रोम ४' निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखायला हवं. त्याबरोबर तीन गोष्टींपैकी दोन तरी असायला हव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला जाण्याच्या वेळांमध्ये बदल, शौचाच्या घट्टपातळपणात बदल. आणि त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले हवेत. कुणाला बद्धकोष्ठ असतं, कुणाला जुलाब, कुणाला आलटून पालटून दोन्ही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपल्याकडच्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ४.२ टक्के निघालं, म्हणजे पंचवीस माणसांमागे एक. गर्दीच्या वेळी लोकलच्या एका डब्यात असे आठ-दहा जण सहज असतील, आणि 'मध्येच लागली तर?' हा एकच विचार त्या सगळ्यांच्या डोक्यात असेल, कारण लोकलमध्ये संडास नसतो. बदलापूरहून येताना कोणत्या स्टेशनवर उतरता येईल आणि तिथलं शौचालय कोणत्या टोकाला आहे, हे मला तोंडपाठ आहे.

या आतड्याला दुखतंही लवकर. ब्रिटनमध्ये जेम्स रिची यांनी १९७३ साली केलेला प्रयोग आजही सांगितला जातो. त्यांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. जो वायू, जो मळ पुढे सरकताना इतरांना पत्ताही लागत नाही, तोच या रुग्णांच्या पोटात कळ उठवतो. पण तेच आतडं, तेच जेवण, तरी एक दिवस बरा जातो आणि एक दिवस मुरड्याने जीव नकोसा होतो, असं का? काल रात्री काय जेवलात, हे सगळे विचारतात. काल रात्री कसे झोपलात, हे फारसं कुणी विचारत नाही.

आधी रात्र, मग कळ

रुग्णाला विचाराल तर तो उलटं सांगेल: पोट दुखतं म्हणून झोप लागत नाही. ऐकायला पटतं. पण रोजच्या रोज नोंदी ठेवल्या की वेगळंच दिसतं. १९९३ सालीच एका अभ्यासात दिसलं होतं की सकाळी होणारा आयबीएसचा त्रास आदल्या रात्रीच्या झोपेवर बेतलेला असतो. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्गारेट हाइटकेम्पर आणि मोनिका जॅरेट यांनी हा धागा वर्षानुवर्षं धरून ठेवला. या दोघी नर्सिंगच्या प्राध्यापक, हे मी मुद्दाम सांगते. पोट आणि झोप या दोन रकान्यांची सवय ज्यांच्या हाताला आहे, त्यांनाच ते शेजारी मांडून पाहावेसे वाटले, याचं मला नवल वाटत नाही. २००० साली त्यांनी आयबीएस असलेल्या स्त्रियांच्या रोजच्या नोंदींतून झोप आणि पोटाची तक्रार यांचं नातं दाखवलं. २०१४ साली त्याच विद्यापीठातल्या डायना बुकॅनन यांच्यासोबत त्यांनी सरळ प्रश्न विचारला: आधी काय होतं? उत्तर असं आलं की झोप बिघडल्याचं ज्या स्त्रीने सांगितलं, तिचं पोट दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं, थकवा आणि अस्वस्थपणाही वाढला. उलट दिशेने मात्र तसं दिसलं नाही. दिवसा पोट जास्त दुखलं म्हणून त्या रात्रीची झोप बिघडली, असं त्या नोंदींतून निघालं नाही.

इथे एक गोम आहे. ओक्लाहोमात १९९९ साली आयबीएसच्या रुग्ण स्त्रियांना झोपेच्या प्रयोगशाळेत, डोक्याला तारा लावून झोपवलं. त्यांनी झोप खराब झाल्याचं सांगितलं, पण यंत्रावरच्या आलेखात त्यांची आणि निरोगी स्त्रियांची झोप फारशी वेगळी निघाली नाही. म्हणजे इथेही पोटासारखंच झालं: रिपोर्ट नॉर्मल, तक्रार कायम. वॉर्डात आम्ही हे रोज बघतो. टॉर्च घेऊन राउंड मारताना जो रुग्ण घोरताना दिसतो, तोच सकाळी म्हणतो, "डोळ्याला डोळा नाही लागला, सिस्टर." पूर्वी आम्ही हसायचो. आता मी त्याचं म्हणणं लिहून घेते, कारण दुसऱ्या दिवशीच्या कळेशी ज्याचं नातं सर्वांत पक्कं दिसलं आहे, ते रुग्णाच्या या सांगण्याचंच.

रात्री आतडं काय करतं?

आतड्यालाही रात्र कळते. इटलीतल्या पेरुजा इथे १९८७ साली निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यातला दाब चोवीस तास मोजला गेला. झोपेत त्याची हालचाल अगदी मंदावली, जाग आल्यावर आणि जेवणानंतर वाढली. म्हणूनच बहुतेकांना सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याच्या आगेमागे शौचाला लागते. लंडनमध्ये डेव्हिड विंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली आयबीएसच्या रुग्णांच्या लहान आतड्याची हालचाल दीर्घकाळ टिपली, तेव्हा बिघाड जागेपणी दिसला. झोपेत तेच आतडं निरोगी माणसाच्या आतड्यासारखं वागत होतं. आयबीएसच्या पोटाला सुट्टी मिळते ती झोपेतच.

आता ही झोप मध्येच मोडली तर? ऑस्ट्रेलियात १९९४ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की रात्री माणूस क्षणभर जरी चाळवला, तरी मोठ्या आतड्याची हालचाल लगेच सुरू होते. तुम्ही कूस बदलून पुन्हा झोपता, पण आतडं तेवढ्यात जागं होऊन गेलेलं असतं.

हालचालीपेक्षाही मोठा मुद्दा आहे वेदनेचा. आतड्याकडून निरोप मज्जारज्जूमार्गे वर मेंदूकडे जातात, हे आपण शाळेत शिकतो. मेंदू खालीही निरोप पाठवत असतो, हे तिथे कुणी सांगत नाही. येणाऱ्या संदेशांपैकी कशाची दखल घ्यायची आणि काय वाटेतच दाबून टाकायचं, हे त्या खाली जाणाऱ्या निरोपांवर ठरतं. रुग्णालयाच्या गेटवर पास तपासणारा माणूस आठवा. भेटायला येणारे रोज तितकेच असतात. तो जागचा हलला नाही तर वॉर्डात खाटेपाशी दोन नातेवाईक असतात, आणि तो पेंगला की बारा. अपुऱ्या, तुटक झोपेने मेंदूचा हा पासवाला पेंगतो. आतड्यात काही नवीन झालेलं नसतं, पण सगळेच संदेश वर पोहोचतात आणि प्रत्येकाची कळ होते.

हे पोटापुरतं नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २०१९ साली निरोगी तरुणांना एक रात्र जागवलं आणि दुसऱ्या दिवशी पायाला चटका देऊन मेंदूची प्रतिमा घेतली. वेदना जाणवून देणारा भाग जास्त चेतला होता आणि वेदना आटोक्यात ठेवायला मदत करणारे भाग थंड पडले होते. निरोगी माणसाच्या पायाला हे होत असेल, तर ज्याचं आतडं मुळातच हळवं आहे त्याचं काय होईल, हे सांगायला नको.

कालनिर्णयाच्या चौकटी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचे खाडे, नवा सिलिंडर लावल्याची तारीख, माझ्या ड्युट्या, सगळं त्याच चौकटींत. तिथेच मी दोन खुणा वाढवल्या. चौकटीच्या वर झोप: एकसंध झाली तर सरळ रेघ, तुटत तुटत झाली तर तुटक रेघ. खाली पोट: काहीच नाही तर शून्य, सहन होईना तर पाच. बस्स, बाकी निबंध लिहायचा नाही.

पानं उलटून पाहिली की तुटक रेघेच्या लगेच पुढच्या चौकटीत तीन आणि चार दाटीने बसलेले दिसायचे. ते अपेक्षितच होतं. मला चक्रावून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. इव्हनिंग करून उशिरा घरी आले, पाच-साडेपाच तासच मिळाले, पण एका कुशीवर गाढ झोपले, अशा रात्रीनंतर पोट बऱ्यापैकी गप्प असायचं. नाइट करून आले आणि दिवसा आठ तास अंथरुणावर लोळले, त्यानंतर मात्र हमखास कळा. तास जास्त आणि दुखणंही जास्त!

याचा उलगडा मला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मायकेल स्मिथ यांच्या २००७ सालच्या प्रयोगात सापडला. त्यांनी निरोगी स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवलं. दुसऱ्या गटाला तेवढीच कमी झोप दिली, पण उशिरा झोपवून, सलग. वेदना दाबून टाकायची शरीराची क्षमता पहिल्या गटात ढासळली आणि त्या स्त्रियांचं अंग आपोआप दुखू लागलं. सलग झोपलेल्या गटात तसं झालं नाही. पुढे सेंट लुईसमध्ये २०१६ साली आयबीएसच्या रुग्णांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र आठवडाभर बांधलं, तेव्हा तेच दिसलं. हे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा तासांच्या हिशेबाने जास्तच झोपत होते, पण रात्रीतून जास्त वेळा जागे होत होते आणि उठल्यावर ताजेतवाने नव्हते. जितकी जाग जास्त, तितकी दुसऱ्या दिवशीची पोटदुखी जास्त.

म्हणून 'किती तास झोपता?' एवढ्यावर थांबू नये. 'किती वेळा जाग येते, आणि कशाने?' हेही विचारावं. त्या वॉचमनला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "खोलीत आम्ही सहा जण आहोत सिस्टर, पाळीपाळीने झोपतो. एकाचा उठायचा अलार्म, दुसऱ्याची यायची वेळ." त्याच्या जाडजूड फाइलीत हे एक वाक्य कुठेच नव्हतं.

पाळी बदलली की पोट बदलतं

आता माझ्या जातभाईंकडे, म्हणजे नर्सेसकडे वळते. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ३९९ नर्सेसची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष छापले. कायम दिवसपाळी करणाऱ्यांत आयबीएसचं प्रमाण ३१ टक्के होतं, फिरती पाळी करणाऱ्यांत ४८ टक्के. पोटदुखीची तक्रार दिवसपाळीत ५४ टक्के, कायम रात्रपाळीत ६१ आणि फिरत्या पाळीत ८१ टक्के. कायम रात्री जागणाऱ्यांपेक्षा आज दिवस, उद्या रात्र करणाऱ्यांना जास्त त्रास, हे लक्षात घ्या. आणि झोपेचा दर्जा हिशेबात धरून वजा केला, तरी फिरत्या पाळीचा परिणाम उरतच होता.

याचं कारण शरीरातलं घड्याळ. मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे, तसंच आतड्याच्या पेशींतही आपापलं घड्याळ चालतं. ही घड्याळं पेशीत कशी चालतात, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. रात्री दोनला आम्ही डबा उघडतो, तेव्हा हात आणि तोंड जागं असतं, पण आतड्याच्या घड्याळात विश्रांतीची वेळ असते. चार दिवसांनी ते रात्रीला जरा सरावतं न सरावतं, तोच मॉर्निंग लागते. हे फक्त नर्सेसचं नाही. पोलीस, एसटीचे चालक-वाहक, कॉल सेंटरवाले, वर्तमानपत्राच्या छापखान्यातले कामगार, सगळे याच जात्यात भरडले जातात.

औषधं कोणती, आणि कशासाठी?

झोप सुधारली की आयबीएस मुळापासून जातं, असं मी म्हणत नाही. आहार, ताण, औषधं यांना आपापली जागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने पुढे आणलेल्या आहारपद्धतीत कांदा, लसूण, गहू, राजमा असे पोटात आंबणारे पदार्थ काही आठवडे बंद करून एकेक परत आणतात. अनेकांना त्याने उतार पडतो. पण आपल्या घरात कांदा-लसूण बंद म्हणजे स्वयंपाकच दोनदा, त्यामुळे ते आहारतज्ज्ञाला विचारूनच करावं. इसबगोलचाही उपयोग होतो.

झोपेशी थेट नातं असलेली औषधं दोन. पहिलं मेलाटोनिन. सिंगापूरमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोपेची तक्रार असलेल्या ४० आयबीएस रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे झोपताना ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि बाकीच्यांना खोटी गोळी दिली. मेलाटोनिनने पोटदुखी कमी झाली. गंमत म्हणजे झोपेत मात्र मोजण्यासारखा फरक पडला नाही. मेलाटोनिन आतड्यातही तयार होतं, त्यामुळे ते थेट तिथेच काही काम करत असावं, असं संशोधक मानतात.

दुसरं औषध अमिट्रिप्टिलिन. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत रात्री घेतलेल्या १० ते ३० मिलिग्रॅमच्या लहान मात्रेने आयबीएसचा त्रास खोट्या गोळीपेक्षा चांगला आटोक्यात आला. या गोळीवरून ओपीडीत हमखास भांडण होतं. तो वॉचमन चिठ्ठी घेऊन परत आला आणि म्हणाला, "मेडिकलवाला म्हणतो ही डिप्रेशनची गोळी आहे. डॉक्टरांना काय मी वेडा वाटलो?" मी त्याला म्हटलं, "दादा, डिप्रेशनला हीच गोळी याच्या कितीतरी पट देतात. तुम्हाला दिलीय ती नसांची ओरड कमी करायला. हिने झोपही येते, म्हणून रात्रीची. पण ड्युटीवर जाताना नका घेऊ, आणि तुमची पाळी रात्रीची आहे हे डॉक्टरांना सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. तो पुन्हा आत गेला. दोन्ही औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि विचारताना आपली पाळी सांगायची.

निद्रानाश जुना असेल तर पहिला उपाय गोळी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की आधी झोपेच्या सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत वापरावी. तिची मुख्य कलमं साधी आहेत. उठायची वेळ रोज एकच, सुट्टीच्या दिवशीही. झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडायचं नाही. वीसेक मिनिटं नुसतंच तळमळणं चालू असेल तर उठून दुसरीकडे बसायचं, झोप आली की परत यायचं. अंथरुणात मोबाइल, हिशेब, भांडणं काही नाही. दिवसपाळीवाल्यांना हे जमण्यासारखं आहे.

दोन सवयींकडे मी आवर्जून बोट दाखवते. एक म्हणजे रात्री घेतलेलं चूर्ण. 'पोट साफ' करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. तिचा परिणाम सहा ते बारा तासांनी होतो. दहाला घेतलं की पहाटे मुरडा, मुरड्याने जाग, आणि जागरणाने दिवसभर पोट हळवं. दुसरी सवय चहाची. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने तासाभराहून जास्त झोप खाल्ली. आपल्या कपभर चहात एवढं कॅफीन नसतं, हे खरं. पण नाइटला दर दोन तासांनी थर्मास फिरतो, त्याची बेरीज करून बघा. माझा शेवटचा चहा आता पहाटे दोनच्या आधी होतो.

हे मात्र आयबीएस समजू नका

गाढ झोपेतून पोटदुखीनेच जाग येत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. जाग आल्यावर पोट दुखायला लागणं हे आयबीएसमध्ये नेहमीचं. दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून उठवणं, वजन उतरणं, शौचावाटे रक्त, रक्त कमी होणं, ताप येत राहणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यांतलं काहीही असेल तर तपासण्या झाल्याच पाहिजेत. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच सुरू होतो, आणि तो औषधाने बरा होतो.

झोप कुणाची, जबाबदारी कुणाची

झोपेवरचे सल्ले वाचले की वाटतं, झोप ही एकट्याची गोष्ट आहे. नाइट करून घरी आलेल्या बाईला विचारा. साडेनऊला पाठ टेकते. दहाला घंटागाडीचं गाणं. साडेदहाला वरणाच्या कुकरच्या शिट्ट्या. अकराला कुरिअरवाला. मग समोरच्या काकू, 'झोपली नव्हतीस ना गं?' असं विचारत. दुपारी दोनला मुलगा शाळेतून येतो तेव्हा 'आई घरीच आहे' म्हणून ताट वाढायला तीच उठते. पुरुष नाइट करून आला की घरात सगळे दबक्या पावलांनी वावरतात, बाई आली की तिची झोप म्हणजे आळस. आमच्या घरी सासूबाईंनीच हे बदललं. त्यांनी स्वतः गिरणीत पाळ्या करणाऱ्या माणसाचा संसार केलेला. आता माझ्या नाइटनंतर कुकर मी येण्याआधी लागतो, बेलचं बटण बंद असतं आणि माझा फोन त्यांच्या कमरेला. एकसंध पाच तास मिळतात. औषध न बदलता माझ्या कालनिर्णयातले चार आणि पाच कमी झाले, ते यानंतर.

घराबाहेरची अर्धी जबाबदारी ड्युटीचा तक्ता लिहिणाऱ्याची. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. म्हणजे पाळी फिरवायचीच असेल तर सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र, या क्रमाने फिरवावी. चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा अशी उलटवून दाखवली, आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली. कामगारांची तब्येत आणि समाधान सुधारलं, काम सोडून जाणारे कमी झाले, उत्पादन वाढलं.

आपल्याकडे सर्रास याच्या उलट चालतं. इव्हनिंग रात्री नऊला सुटते, मी घरी पोहोचते अकराला, आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असेल तर पहाटे सव्वाचारला उठून गाडी पकडायची असते. त्या दिवशी हँडओव्हर घेताना निम्म्या सिस्टर्सचा एक हात पोटावर असतो. पाळ्या बंद करा, असं कुणी म्हणत नाही. रुग्णालय चोवीस तास चालणारच. पण इव्हनिंगच्या पुढच्या दिवशी मॉर्निंग लावायची नाही, आणि नाइटनंतरचे ऑफ तोडून द्यायचे नाहीत, या दोन गोष्टींना नवं बजेट लागत नाही, नवी भरती लागत नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता लिहितानाच त्या करता येतात.